वरच्या फळीवरचे सहा ट्रे

२९ जानेवारी २०१४, बुधवार

चायनीज न्यू इयरच्या सुट्टीत संस्थेचा सेंट्रल एसी बंद राहणार, आणि सुट्टीला जोडून दुरुस्ती, म्हणजे थेट दहा तारखेपर्यंत बंद. हे मला आज दुपारी तीन वाजता कळवलं. एसी बंद म्हणजे खोलीत दमट हवा, आणि दमट हवा म्हणजे माझी अठरा दिवस वाळवलेली नेची पुन्हा ओलसर. मी ऑफिसात जाऊन जे बोलायचं ते बोलले. त्या मुली हसून "सॉरी डॉक्टर" म्हणाल्या. उपयोग शून्य.

शेवटी लॅबमधली ऋचा आणि मी सगळे बारा ट्रे मोठ्या टॅक्सीत घालून बुकित पंजांगला घरी आणले. टॅक्सीवाल्याला वाटलं, नर्सरीतून मेलेली झाडं आणतोय. त्याचं चुकलं नाही. रस्त्याकडेच्या रेन ट्रीच्या खोडावर उगवणारं हे नेचं वाळलं की तपकिरी, आखडलेलं, हातात घेतलं तर चुरा होईल असं दिसतं. पण पाणी मिळालं की दुसऱ्या दिवशी हिरवंगार. वाळताना पेशीतलं पाणी जातं, आतला जीव आक्रसतो आणि भिंतीला आत ओढतो. भिंत ताठ असली तर जीव तिच्यापासून फाटतो आणि पेशी मरते. भिंत मऊ असली तर तीही मुकाट्याने आत जाते, तिला साडीसारख्या निऱ्या पडतात. पाणी आलं की निऱ्या उलगडतात. ही भिंत मऊ कशी राहते, हे मला शोधायचंय. चाळीस दिवस पाण्याचा थेंब नाही, मग पाणी, मग मायक्रोस्कोप.

एसी चोवीस तास चालवता येईल अशी एकच खोली, नानांची. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे डिसेंबरपासून, नाना आमच्याकडे आहेत. त्यांची गादी हॉलमध्ये टाकली. त्यांना काही वाटलं नाही. देव मात्र त्याच खोलीत आहेत, ते हलवू नका म्हणाले. दोन फळ्यांच्या रॅकवर सहा-सहा ट्रे लावले आणि त्यांना बजावलं, "नाना, या ट्रेंना हात लावायचा नाही." "नाही लावत बाई," म्हणाले.

१ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. पाऊस नाही, तीन आठवडे होत आले. रस्त्यावरच्या झाडांवरची नेचीसुद्धा आखडलीत. निसर्ग माझाच प्रयोग फुकटात करतोय.

नानांची पूजा शाल पांघरून चालते, खोलीत अठरा डिग्री. आल्या दिवशी त्यांनी मला ऐकवलं होतं, "बॉटनीवाली सून आणि घरात एक तुळस नाही." मी म्हटलं होतं, दिवसभर झाडंच बघते, घरी नकोत. देवांच्या अंघोळीचं पाणी तांब्यात घेऊन रोज लिफ्टने अकरा मजले खाली जायचे, ब्लॉकखालच्या झाडाला घालून यायचे. अलीकडे जाताना दिसत नाहीत. गुडघा दुखत असेल. एका परीने बरंच आहे, लिफ्टमध्ये तांब्या सांडून फरशी ओली व्हायची.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ऋचा येऊन पानांचे नमुने कापून घेऊन गेली. ही मुलगी कऱ्हाडच्या कॉलेजातली नोकरी सोडून माझ्या शब्दावर इथे आली, त्याला दोन वर्षं झाली. तेहतीस वर्षांची आहे, हात अतिशय स्थिर, पातळ काप घ्यावा तर तिने. पण मन हळवं. ट्रेंकडे बघून म्हणाली, "मॅडम, इतकं वाळवायचं जिवावर येतं हो." मी म्हटलं, "जिवावर येत असेल तर बालवाडीत शिकव." हसली. नानांशी बराच वेळ बोलत बसली होती. माझ्याशी नाना इतकं बोलत नाहीत.

जूनमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. एप्रिलमध्ये समिती बसेल. बावन्नाव्या वर्षी नवीन लॅब कोण देणार मला? हा प्रयोग लागला तर तीन वर्षं मिळतील. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

ट्रे परत नेले. ऋचाने वजनं केली. संध्याकाळी पाच वाजता माझ्या दारात येऊन उभी राहिली, चेहरा पांढरा.

खालच्या फळीवरच्या सहा ट्रेंचं वजन जेवढं हवं तेवढंच. वरच्या सहांचं प्रत्येकी सहा ते दहा ग्रॅम जास्त. मी म्हटलं, पुन्हा कर. तिने तीनदा केलं होतं. वाळणारं झाड आपोआप जड होत नाही. कुणीतरी पाणी घातलंय.

मग ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरी कुणी चुकून..."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "माझ्या घरच्यांवर घालू नकोस. माझ्या घरात या ट्रेंना कुणी हात लावत नाही. चार तारखेला तुझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती, ती मी बघितली." ती म्हणाली, ती स्लाइडसाठीची होती. असेलही.

रात्रभर विचार करणार मी आता. बारापैकी सहा गेले म्हणजे प्रयोगच गेला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लॅब मीटिंग. आठजण होते, मी सोडून. मी ठरवून गेले होते की नाव घ्यायचं नाही. पण ऋचा आपले आकडे दाखवायला उभी राहिली आणि शांतपणे सांगायला लागली की फरक फक्त वरच्या फळीवर आहे, याचा विचार व्हायला हवा. तिच्या त्या शांतपणाचाच मला राग आला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्यांना झाडं वाळलेली बघवत नाहीत त्यांनी हे काम करू नये. ऋचाच्या आकड्यांवर यापुढे मी विश्वास ठेवू शकत नाही."

लॅब सांभाळणाऱ्या मिसेस टॅन खाली मान घालून पेनचं टोपण लावत-काढत होत्या. ऋचा खाली बसली, लॅपटॉप मिटला.

जरा जास्त झालं का? पण कुणीतरी बोलायलाच हवं होतं. लॅबला शिस्त लागते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वरच्या फळीचे सहाही ट्रे कचऱ्यात दिले. ऋचा म्हणाली, "मॅडम, टाकण्यापूर्वी एकदा भिंती बघू या का?" मी म्हटलं, बिघडलेला माल बघून काय करायचंय. मिसेस टॅननी पिशव्या बांधल्या.

ऋचाचं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपतं. वाढवणार नाही असं मी एचआरला कळवलं. नवऱ्याला, अभयला, जेवताना सांगितलं. तो बँकेत माणसं काढतो, त्यामुळे त्याला यातलं कळतं. तरी म्हणाला, "तिलाच काढतेयस? नक्की?" मी म्हटलं, नक्की. नाना ताटात बघत होते. मग म्हणाले, "पोर गुणी होती." मला तेही लागलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

ऋचा मार्चपर्यंत थांबली नाही. आज गेली. कामाचा पास रद्द झाला की महिनाभरात हा देश सोडावा लागतो. ती म्हणाली, महिनाही नको. कॉलेजात तिच्या जागी दुसरी व्यक्ती घेतलीय, हे मला ठाऊक आहे. तिने माझ्या टेबलावर वही आणि चाव्या ठेवल्या, "येते मॅडम" म्हणाली. मी म्हटलं, "ये." आणखी काय म्हणणार?

वही कपाटात टाकली.

१६ मार्च, रविवार

आज पाऊस पडला, कितीतरी आठवड्यांनी. पण ते असू दे. मला सकाळचं लिहायचंय.

खालच्या फळीच्या सहा ट्रेंपैकी एक, वापरून झालेला, मी घरी आणून हॉलच्या खिडकीत ठेवला होता, शोभेला. सकाळी लवकर उठले तर नाना सोवळ्यात, हातात तांब्या-पळी. एक पळी, दोन पळ्या, हळूच त्या नेच्यावर. मान किंचित लववली, ओठ हलत होते. मग रिकामा तांब्या घेऊन वळले आणि मी दिसले.

मी विचारलं, "नाना, हे काय करताय?"

"देवांच्या अंघोळीचं पाणी गं. मोरीत कसं टाकणार?"

"आणि तेव्हा? माझे ट्रे खोलीत होते तेव्हा?"

"तेव्हाही. खाली जायला गुडघा देत नव्हता. आणि रोज डोळ्यांसमोर ती वाळलेली झाडं. हात नाही लावला मी. तू सांगितलं होतंस ना." मग म्हणाले, "वरच्यांनाच घालता आलं. खाली वाकता येत नाही मला."

मी खोलीत जाऊन पलंगावर बसले. अनीश अभ्यासाला उठला होता. पंधरा वर्षांचा माझा मुलगा. त्याला म्हटलं, "अनीश, तुला माहीत होतं? नाना ट्रेमध्ये पाणी घालायचे?"

"याह, एव्हरी मॉर्निंग. आय थॉट यू नो."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"यू नेव्हर आस्क व्हॉट," त्याच्या इथल्या इंग्रजीत म्हणाला आणि कानात हेडफोन घातले.

खरंच. मी घरात कुणालाही विचारलं नव्हतं. मला ते सुचलंच नव्हतं. ऋचाला सुचलं होतं आणि मी तिला गप्प केलं.

१७ मार्च, सोमवार

रजा टाकली. माझ्यात लॅबमध्ये जायचं बळ नाही. अभयला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नानांना काही बोलू नकोस. आई जाऊन तीन महिने झालेत. त्यांच्यामुळे कुणाची नोकरी गेली हे कळलं तर ते मोडतील." बरोबर आहे. नानांना सांभाळायला हवं. त्यामुळे लॅबमध्येही हे लगेच सांगता येणार नाही, गोष्ट फिरून घरी येते. असं मी स्वतःला दिवसभर सांगतेय.

२० मार्च, गुरुवार

ऋचाची वही काढली. ट्रे टाकायच्या आदल्या रात्री तिने वरच्या सहांमधली पानं कापून फोटो काढून ठेवले होते. न विचारता. मी असते तर रागावले असते.

ते फोटो खालच्या ट्रेंच्या फोटोंशेजारी ठेवून मी चार तास बघत बसलेय. खालच्या ट्रेंतल्या भिंतींना जाड, वेड्यावाकड्या घड्या आहेत, मध्येच जीव भिंतीपासून सुटलाय, बऱ्याच पेशी मेल्यात. वरच्या ट्रेंत बारीक, एकसारख्या निऱ्या. एकही फाटलेली नाही. रोज पळीभर पाणी, मग एसीत पुन्हा कोरडं. बारा दिवस हेच. तेवढ्यात त्या भिंतींनी मऊ व्हायचं शिकून घेतलं होतं. आपण चाळीस दिवस सलग वाळवतो, निसर्गात असं कुठे होतं? तिथे दव पडतं, चार थेंब येतात, पुन्हा ऊन. मी गेली पाच वर्षं जे शोधतेय ते नानांच्या पळीने झालं होतं आणि मी ते कचऱ्यात घातलं.

शेवटच्या पानावर तिचं अक्षर: "रोज थोडं पाणी मिळालं असावं. सकाळी? वरच्यांनाच का? मॅडम शांत झाल्या की विचारणे."

मी शांत झालेच नाही.

२३ मार्च, रविवार

ऋचाला फोन केला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा तिच्या आईने घेतला, "देते" म्हणाल्या, आवाजात काहीच नाही.

मी सगळं सांगितलं. नानांचं, पळीचं, फोटोंचं. माफी मागितली. मराठीत "सॉरी" म्हणता येत नाही मला, म्हणजे म्हटलं की खोटं वाटतं, म्हणून "माझं चुकलं, ऋचा" असं म्हणाले. मग तिने पहिला प्रश्न विचारला, "नाना कसे आहेत?"

मी म्हटलं, तू परत ये, मी काहीतरी करते. ती म्हणाली, "नाही मॅडम, आता नको." पुण्याच्या एका संस्थेत मुलाखत झाली होती, तिथल्या बाईंना इथून कुणीतरी आधीच सांगितलेलं होतं की हिने आकडे बदलले. नोकरी मिळाली नाही. आता सकाळी शिकवण्या घेते, आठवी ते दहावी.

"तुमच्याकडून मला एकच हवंय," ती म्हणाली. "ज्यांच्यासमोर म्हणालात, त्यांच्यासमोर सांगा. मला पत्र नको, शिफारस नको. त्या सगळ्यांना कळू दे."

मी म्हटलं, "सांगते. शब्द देते."

२७ मार्च, गुरुवार

मीटिंग होती. समिती दहा एप्रिलला आहे. आता सांगितलं तर लोक म्हणतील, हिच्या घरात हिच्या नाकासमोर बारा दिवस पाणी पडत होतं आणि हिला पत्ता नाही. दहा तारखेनंतर सांगेन. दोन आठवड्यांनी काय बिघडतंय?

१० एप्रिल, गुरुवार

समितीसमोर चाळीस मिनिटं बोलले. चांगलं बोलले. शेवटी अध्यक्षांनी विचारलं की चाळीस दिवसांच्या प्रयोगाचं काय झालं. मी म्हटलं, नमुने हाताळताना चूक झाली, प्रयोग पुन्हा करतोय. ते म्हणाले, "हो, त्या स्टाफबद्दल आम्ही ऐकलंय. कठीण निर्णय होता तुमच्यासाठी."

मी मान हलवली.

नुसती हलवली. ही हललेली मान मला आता दिसत राहते.

२५ एप्रिल, शुक्रवार

तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली. अभयने केक आणला. नानांनी देवापुढे साखर ठेवली आणि माझ्या हातावर दिली.

जेवणं झाल्यावर ऋचाचा फोन. स्वतःहून. म्हणाली, पुण्यात दुसऱ्या एका ठिकाणी अर्ज करतेय, ते जुन्या लॅबमध्ये चौकशी करणार. मग चाचरत विचारलं, "मॅडम, मीटिंगमध्ये सांगितलंत का?"

मी हो म्हणाले.

तोंडातून गेलंच ते. हॉलमध्ये नाना, अनीश, केक. मी हो म्हणाले. तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "आईला सांगते," म्हणाली, "ती रोज विचारते." मग तिने बाकी सातही जणांची नावं घेऊन प्रत्येकजण काय म्हणाला ते विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांना वाईट वाटलं. मिसेस टॅन रडल्या, असंही सांगितलं. ते कुठून सुचलं मला कळत नाही.

पुढच्या गुरुवारी नक्की सांगायचं.

१२ जून, गुरुवार

सांगितलं नाही. मे महिन्यात दोनदा ओठांवर आलं आणि गिळलं. दर आठवड्याला ते सांगणं जड होत चाललंय, कारण आता "तेव्हाच का नाही सांगितलंत" हेही सांगावं लागेल.

ऋचाला ते काम मिळालं नाही. चौकशीचा फोन मिसेस टॅनना आला होता. त्यांनी मला विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, चांगलं सांगा. त्या म्हणाल्या, "मी चांगलंच सांगितलं, डॉक्टर. ते विचारत होते, त्या आकड्यांचं काय. मी म्हणाले, ते मला माहीत नाही. तुम्ही आम्हाला कधी सांगितलंच नाही ना." माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी कॉम्प्युटरकडे वळले.

१९ जुलै, शनिवार

नाना पुण्याला परत गेले. एअरपोर्टवर म्हणाले, "तुझं कामाचं काही बिघडवलं नाही ना मी, शुभदा?" त्यांना सगळं कळलं होतं, केव्हापासून कोण जाणे. मी म्हटलं, "नाही नाना. उलट चांगलं झालं." त्यांनी डोक्यावर हात ठेवला. चार महिने मी त्यांना जपतेय असं म्हणत होते, आणि ते मला जपत होते.

म्हणजे आता ती सबबही गेली.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज सांगितलं.

मीटिंगच्या सुरुवातीलाच उभी राहिले. म्हटलं, फेब्रुवारीत मी एक गोष्ट सगळ्यांसमोर म्हणाले होते, ती चूक होती. पाणी माझ्या घरात पडलं, ऋचाने घातलं नव्हतं, तिचा प्रत्येक आकडा खरा होता. तिने मला विचारलं होतं आणि मी ऐकलं नाही. हे मला मार्चपासून माहीत आहे. सगळं बोलले, एकही शब्द मऊ केला नाही.

मग मान वर करून बघितलं. टेबलाभोवती सातजण. दोघे जुलैत पीएचडी संपवून गेले. एक ऑस्ट्रेलियाला. एकाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. दोन इंटर्न मेमध्येच गेल्या. फेब्रुवारीतल्या आठांपैकी ऋचा स्वतः एक होती, आणि मिसेस टॅन आज रजेवर. टेबलाभोवती होते ते सगळे नवीन, सगळे मेनंतरचे. मी महिनोन्महिने त्यांची निवड करत होते, आणि हे मोजायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

मग जेराल्ड म्हणून नवा विद्यार्थी आहे, त्याने चांगुलपणाने विचारलं, "सॉरी, डॉक्टर, रिचा इज हू आह?"

मी सांगितलं. कऱ्हाडची, हात स्थिर असलेली, जिला माझ्याआधी खरं दिसलं ती. सगळ्यांनी लक्ष देऊन ऐकलं. एकीने वहीत नाव लिहून घेतलं.

घरी येताना एलआरटी ट्रेनमध्ये फोन काढला, ऋचाचं नाव उघडलं, "आज सांगितलं" असं टाइप केलं आणि पुसलं. तिला हे कळवता येत नाही. तिच्या लेखी मी हे एप्रिलमध्येच केलंय, आणि मिसेस टॅन रडल्यात.